खाडाखोडीवर सही

भोर, ३ ऑगस्ट १९७३

प्रिय सोपान,

सप्रेम नमस्कार. सत्तावीस वर्षांनी आलेला नमस्कार कुणी लगेच घरात घेत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हा ओट्यावरच ठेव आणि पुढचं वाच.

मी दिनू आठल्ये. नववीला मी खिडकीजवळच्या बाकावर बसायचो आणि तू दाराशी. आता मी इथल्या कचेरीत हेडक्लार्क आहे. परवा माजी सैनिकांची एक यादी टेबलावर आली, तीत तुझं नाव दिसलं : सोपान कोंडिबा ओव्हाळ, विमानदल, वर्कशॉपमधला रंगारी, निवृत्त, मु. पो. वेल्हे. मी ती ओळ दोनदा वाचली आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं.

आता कामाचं लिहितो. आमचे जावई इंग्लंडहून आले. इतरांचे जावई घड्याळ आणतात, सेंट आणतात. आमच्यांनी सासऱ्यासाठी प्लॅस्टिकच्या विमानाचे तुकडे आणले. पंख, शेपूट, चाकं, सगळं एका चौकटीला लटकलेलं. कापायचं, घासायचं, चिकटवायचं आणि रंगवायचं. विमान डाकोटा आहे. बरोबर एक एअरब्रश आहे. पेनाएवढाच, वर बटण, पुढे बारीक तोंड. हवेचा एक डबा होता तो दोन दिवसांत संपला. त्या दोन दिवसांत मी एका जुन्या साबणदाणीवर रंग मारून बघितला. सुहासिनी, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "पान खाऊन कुणी थुंकलंय का?"

तू खरीखुरी विमानं रंगवलीस. मला हे शिकव. मी एखाद्या रविवारी वेल्ह्याला येऊ का?

तुझा,
दिनू


वेल्हे, १४ ऑगस्ट १९७३

रा. रा. दीनानाथ उपेंद्र आठल्ये, हेडक्लार्क, यांस सोपान कोंडिबा ओव्हाळ याचा जय भीम.

आपलं पत्र पोचलं. कचेरीतल्या माणसाचं पत्र आलं की इकडे आधी कपाटातले कागद काढतात, तसे मीही काढले. माझ्या घराची जागा गावठाणात आहे, नोंद झालेली आहे, नक्कल माझ्याकडे आहे. आपल्याला त्या संबंधात काही हवं असेल तर सरळ विचारावं. विमानाच्या वाटेने येऊ नये.

आणि खरंच विमानाचंच असेल, तर एक गोष्ट आधी लिहितो. १९४६ साली भाटघरच्या धरणाची दारं उघडली होती, तेव्हाचं चित्र मी काढलं. चार दिवस बंधाऱ्याखाली बसून काढलं. बक्षीस समारंभाला ते शाळेच्या हॉलमध्ये लागलं तेव्हा खाली नाव आपलं होतं. व्यासपीठावर आपण गेलात, रंगांची पेटी आपण घेतलीत. नाव कुणी बदललं ते मला कुणी सांगितलं नाही. आपणही सांगितलं नाहीत. त्या वर्षी मी शाळा सोडली. पुढे वीस वर्षं विमानं रंगवली आणि कुठेही माझं नाव लागलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही, कारण विमानावर रंगाऱ्याचं नाव लिहीत नसतात. चित्राखाली मात्र लिहितात. मला त्याचं अजून वाईट वाटतं, हे मी आपल्याला स्पष्ट लिहितो.

वेल्ह्याला येऊ नये. विचारायचं ते पत्राने विचारावं.

आता ब्रशबद्दल. आपण "पेनाएवढाच" लिहिलंत तेव्हा मला माझा आठवला. निवृत्तीच्या दिवशी सही करून परत द्यावा लागला. इथे मी कुंचल्याने दुकानांच्या पाट्या रंगवतो. ते काम वेगळं आणि हे वेगळं. म्हणून शिकवतो. आपल्यासाठी शिकवतो असं समजू नये.

हवेसाठी जीपचं एक जुनं चाक मिळवा. टायरसकट हवं, नुसती ट्यूब जोर धरणार नाही, फुटेल. पायाने मारायच्या पंपाने ते भरा आणि व्हॉल्व्हला रबरी नळी जोडा. हल्ली पावसाचे दिवस आहेत, नळीत पाणी धरतं. रंगाआधी नुसती हवा सोडून नळी कोरडी करावी.

बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. पहिले आठ दिवस रंगाला हात लावू नका. शाईत पाणी घालून वर्तमानपत्रावर ठिपके काढा, मग रेघा. ठिपका दोन ज्वारीच्या दाण्यांएवढा झाला तर हात जड आहे असं समजा.

(इथे एक ओळ आणि थोडा भाग शाईने गच्च खोडलेला आहे.)

मग रंग. तेलरंगात टर्पेंटाइन घालून दुधासारखा पातळ करा आणि फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर तोंड चोंदेल. काम झालं की सुई बाहेर काढून पुसावी. सुई वाकली तर ब्रश गेला.

हे लिहीत होतो तर माझी बायको फुलाबाई दारात येऊन म्हणाली, "कुनाला शिकवताय? त्याच भोरवाल्याला? पुन्यांदा काम तुमचं आन् नाव त्याचं, हेच हुनार न्हाई व्हय?" मी तिला उत्तर दिलं नाही. आपल्याकडे असेल तर कळवावं.

सोपान ओव्हाळ


भोर, २२ ऑगस्ट १९७३

प्रिय सोपान,

तू मला "आपण" लिहितोस. कचेरीत मला दिवसभर सगळे आपण म्हणतात, तिथे काही वाटत नाही. तुझ्या पत्रात तो शब्द वाचवत नाही. पण चालू दे.

गावठाणातल्या जागेचं मला काही ठाऊक नव्हतं आणि आता ठाऊक करूनही घेणार नाही.

चाक मिळालं. हायवेवर सारोळ्याच्या पुलाजवळ रखमाजी म्हणून एक पंक्चरवाला आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "सायेब, जीप कुठं उभी हाय?" मी म्हटलं, जीप नाही, विमान आहे. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग चाक काढून दिलं. एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "बाकीची गाडी मागनं येतीया का?" सगळी गाडी हसली. स्टँडवरून घरापर्यंत मी ते चाक ढकलत आणलं आणि वाटेत कचेरीतले दोघं भेटले. आता कचेरीत मला काय म्हणत असतील ते विचारू नकोस.

ठिपके चालू आहेत. दोन दाण्यांवरून दीड दाण्यावर आलो आहे.

आता मला एक विचारायचंय. तुझ्या पत्रात एक ओळ खोडलेली आहे. सोपान, मी तेवीस वर्षं कागद तपासतो. माणूस साधी चूक खोडतो तेव्हा एक आडवी रेघ मारतो. तू वरून खाली, खालून वर, पुन्हा आडवं, असं खोडलंस. पान उजेडाला धरून बघितलं. सुरुवातीचं एक "रि" दिसतं, बाकी काही नाही. माझ्याकडे कुणी खाडाखोड केलेला कागद आणला तर मी त्याला एकच सांगतो, बाजूला सही कर, म्हणजे कळेल की तूच खोडलंस आणि का ते तुला ठाऊक आहे. तर "रि" काय आहे?

चित्राचं उत्तर मी पत्रातून देणार नाही. ते कागदावर देण्यासारखं नाही. समोर देईन आणि चारचौघांत देईन. तोवर माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही.

दिनू


वेल्हे, ५ सप्टेंबर १९७३

रा. रा. आठल्ये यांस जय भीम.

"रि" म्हणजे रिकामा. "रिकामा वेळ असेल तरच या नादाला लागावे" असं लिहिलं होतं. सरकारी नोकराला बोचेल म्हणून खोडलं. आपण एवढं मनावर घेऊ नये.

चित्राचं उत्तर आपण समोर देणार. म्हणजे लेखी देणार नाही. कागदावर काही राहू नये अशी काळजी घेणारी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली आहेत.

ठिपका एका दाण्यावर आला की तुकड्यांवर रंग घ्या. ब्रश तुकड्यापासून चार बोटं लांब हवा. रंग तुकड्याच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच संपवायचा. मध्ये थांबलात की तिथे डाग आलाच. आणि एक हात कधीच पुरत नाही. पहिला हात असा द्या की दिला आहे असं वाटूसुद्धा नये. खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे. एक दिवस वाळवून दुसरा हात, मग तिसरा. घाई करणारा एकाच हातात सगळं झाकायला जातो आणि रंग ओघळतो. आम्हाला वर्कशॉपमध्ये पहिल्या महिन्यात हेच शिकवत होते. माझ्याबरोबरचे दोघं तिथेच गळाले.

डाकोटाला चंदेरी रंग अंगभर आणि छप्पर पांढरं. चंदेरी आधी. तो पक्का वाळला की कडेने चिकटपट्टी लावून पांढरा घ्या. खिडक्यांच्या वरून रेघ सरळ गेली पाहिजे. डाकोटाची ती रेघ मी डोळे मिटून मारली असती. आपण डोळे उघडे ठेवावेत.

सोपान ओव्हाळ


भोर, १ ऑक्टोबर १९७३

प्रिय सोपान,

"रिकामा वेळ असेल तरच या नादाला लागावे." हे वाक्य मी तुझ्या अक्षराच्या मापाने एका कागदावर लिहून बघितलं. पाऊण ओळ होते. तू खोडलेला मजकूर एक ओळ आणि वर तीन शब्द आहे. बाकीचे शब्द कुठे गेले? तू मला काहीतरी सांगायचं टाळतो आहेस, असा माझा संशय आहे. सुहासिनी म्हणते, "तुम्ही घरातसुद्धा कचेरी चालवता." असेल. पण माझा संशय सहसा चुकत नाही.

तरीही तुझ्या पत्रांतल्या सूचनांची मी यादी केली आहे आणि तिच्याबाहेर पाऊलभर गेलेलो नाही. जे लिहिलंस ते केलं, जे नाही लिहिलंस ते केलं नाही. यादी भिंतीवर लावली आहे.

आणि सोपान, रंग बसला! पहिला हात दिला तेव्हा मला वाटलं काहीच झालं नाही. तिसरा हात वाळला आणि सकाळी खिडकीतून ऊन आलं, तर ते प्लॅस्टिक राहिलंच नव्हतं, पत्रा झाला होता. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता, हे मी तुलाच सांगतो, कचेरीत कळलं तर बरं दिसणार नाही.

एकच गोष्ट. पांढरा झाल्यावर चिकटपट्टी काढली, तर शेपटाजवळ चंदेरीचा एक पापुद्रा पट्टीबरोबर निघून आला, नखाएवढा. खाली कोरं प्लॅस्टिक. तिथे पुन्हा तीन हात दिले, आता कळत नाही. पण असं का झालं?

आणखी एक. सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन आहे. त्याच हॉलमध्ये. मी विमान ठेवणार आहे. तू ये. मुक्काम आमच्याकडेच कर.

दिनू


वेल्हे, १२ ऑक्टोबर १९७३

रा. रा. आठल्ये यांस जय भीम.

पट्टी जोराने ओढली असणार. ती सावकाश, रंगाला समांतर धरून काढायची असते. बाकी काही कारण नाही.

माझ्या एका ओळीवर आपण इतके दिवस घालवलेत. माझ्या चित्राखालच्या एका ओळीवर आपण सत्तावीस वर्षांत किती घालवलेत ते मला ठाऊक नाही.

प्रदर्शनाचं कळलं. त्याच हॉलमध्ये, हेही कळलं. आता मी सरळ विचारतो आणि उत्तरही सरळ द्यावं. विमानापुढे नावाची चिठ्ठी लागेल. तिच्यावर कुणाचं नाव असेल?

सोपान ओव्हाळ


भोर, ३० डिसेंबर १९७३

प्रिय सोपान,

उशीर झाला. मुद्दामच केला, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज दिलं तर सगळी मजा जाईल. एवढंच लिहितो की या कामात तुझा हात आहे हे मी अजून कुणालाही कळू दिलेलं नाही. शाळेत नाही, कचेरीत नाही. सगळे समजतात मी एकटाच करतो आहे. समजू देत. सव्वीसला ये, मग बघ.

विमान पुरं झालं. खिडक्यांवरची रेघ सरळ आहे. एका जागी केसभर हलली आहे, ती तुला दिसेल, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

सोबत तुझं चौदा ऑगस्टचं पान परत पाठवतो आहे. बाकीचं मी उतरवून घेतलं आहे. खाडाखोडीच्या बाजूला सही करून घेऊन ये. माझा हट्ट समज. असा हट्ट मी का करतो तेही त्याच दिवशी सांगेन.

सकाळची गाडी धर. मी स्टँडवर असेन.

दिनू


वेल्हे, ७ जानेवारी १९७४

रा. रा. दीनानाथ उपेंद्र आठल्ये यांस.

माझा हात आहे हे कुणाला कळू दिलं नाहीत, ते वाचलं. मला त्यात नवल वाटलं नाही. पत्र फुलाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्या काय म्हनलं हुतं?" आणि भाकऱ्या थापायला गेली.

मी येणार नाही. स्टँडवर थांबू नये. पान मिळालं. सही करत नाही. यापुढे पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

सो. को. ओव्हाळ


भोर, २८ जानेवारी १९७४

श्री. सोपानराव यांना सौ. सुहासिनी आठल्ये हिचा नमस्कार.

आपली ओळख नाही. पण गेले सहा महिने आमच्या घरात तुमच्याशिवाय दुसरा विषय नव्हता, त्यामुळे मला तरी तुम्ही अनोळखी वाटत नाही. हे पत्र मी ह्यांना न विचारता लिहिते आहे. तुम्ही आला नाहीत, म्हणून परवा काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही नको म्हणालात तरी हे सकाळी दोन गाड्या येईपर्यंत स्टँडवर उभे होते. मग हॉलमध्ये गेले. विमानाच्या शेजारी ह्यांनी आणखी एक वस्तू ठेवली होती, ती मलाही ठाऊक नव्हती. भाटघरच्या दारांचं तुमचं चित्र. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं टांगलेलं होतं. ह्यांनी चार महिने अर्ज करकरून ते मागून घेतलं आणि मागची जुनी चिठ्ठी उचकटून काढली. तिच्यावर तुमचं नाव खोडलेलं होतं आणि वर ह्यांचं लिहिलेलं होतं. अक्षर ह्यांचंच.

पाहुणे आल्यावर हे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. म्हणाले, "दाराशी बसणाऱ्या मुलाचं नाव पाहुण्यांपुढे वाचायला चित्रकलेच्या मास्तरांना नको होतं. ते मला म्हणाले, तुझं घाल. मला रंगांची पेटी हवी होती. मी खोडलं, माझं नाव लिहिलं, आणि बाजूला सही केली नाही. तेव्हापासून मला कुणाचीही खाडाखोड सहन होत नाही." मास्तर आता हयात नाहीत, हेच तेवढे आहेत. मला ह्यांची लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. चित्राखाली आता तुमचं नाव आहे, आणि शाळा ते तसंच ठेवणार आहे.

मग पाहुणे विमानाकडे वळले. विमानापुढची चिठ्ठी अशी होती : "डाकोटा. रंगकाम : सोपान कोंडिबा ओव्हाळ, वेल्हे. तुकडे जोडणारा : दी. उ. आठल्ये." मी म्हटलं होतं, रंग तर तुम्ही मारलात. तर म्हणाले, हात माझे असतील, काम त्याचं आहे.

पाहुण्यांनी विमान उचललं. पंखाला अंगठा लागला आणि अंगठ्याबरोबर रंग निघाला. कांद्याचा पापुद्रा निघतो तसा. दुसऱ्या हाताने सावरायला गेले तर पोटाखालचाही निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, "हे का ओव्हाळांचं रंगकाम?" आणि लोक हसले.

ह्यांनी खिशातलं पेन काढलं. सगळ्यांसमोर चिठ्ठीवरचं तुमचं नाव एका रेघेने खोडलं, वर स्वतःचं लिहिलं, आणि बाजूला सही केली, तारखेसकट. म्हणाले, "काम बिघडलं ते माझ्या हाताने. ओव्हाळांनी फक्त सांगितलं होतं आणि ते बरोबरच सांगितलं होतं." घरी आल्यापासून ब्रश डब्यात घालून फळीवर ठेवला आहे.

आता माझं एक विचारणं आहे, रागावू नका. तुकडे आले तेव्हा मीच डब्यातून काढले. ते माझ्या बोटांना तेलकट लागले. मी म्हटलं, धुऊन देऊ का? हे म्हणाले, "सोपानच्या यादीत नाही. यादीत नाही ते करायचं नाही." मग मी ते तसेच ठेवले. परवापासून मला सारखं वाटतं आहे की ते धुवायला हवे होते. तुम्हाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ह्यांना अजून तसा संशय आलेला नाही. एरवी ज्याच्या त्याच्याकडे संशयाने बघणारा माणूस, पण तुमच्या बाबतीत ते कुणाला संशय घेऊ द्यायला तयार नाहीत.

ती चिठ्ठी ह्यांनी टाकून दिली होती. मी उचलून सोबत पाठवते.

सौ. सुहासिनी आठल्ये


वेल्हे, २ फेब्रुवारी १९७४

दिनू,

वहिनींचं पत्र मिळालं. त्यांना रागावू नकोस.

खोडलेली ओळ अशी होती : "रिठ्याच्या कोमट पाण्यात आधी सगळे तुकडे धुवावेत, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही." माझ्या अक्षराच्या मापाने लिहून बघ. एक ओळ आणि वर तीन शब्द भरतील.

लिहिली तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. मग फुलाबाई दारात येऊन बोलली, आणि मी पत्र संपवायच्या आधी मागे जाऊन ती ओळ खोडली. मला वाटलं, काम माझं आणि नाव तुझं होणारच असेल, तर नाव निदान खराब कामावर लागू दे. शेपटाजवळचा पापुद्रा निघाला तेव्हा तू मला विचारलंस. तेव्हा सांगता आलं असतं, सगळा रंग सोडवून पुन्हा रंगवायला वेळ होता. मी पट्टीवर ढकललं. ते पहिल्यापेक्षाही वाईट होतं.

तू लिहिलंस की माझा हात आहे हे कुणाला कळू दिलेलं नाही. मी ते एकाच तऱ्हेने वाचलं, दुसऱ्या तऱ्हेने वाचता येतं हे मनातसुद्धा आलं नाही. आणि माझा हात त्यात होताच. तू समजत होतास त्याहून जास्त होता.

फुलाबाईला पत्र वाचून दाखवलं. या वेळी ती डोळे पुसून म्हणाली, "आता जावा तिकडं. हितं बसून काय करताय?"

तू माझं नाव खोडलंस तेव्हा सोळा वर्षांचा होतास, दिनू. मी ओळ खोडली तेव्हा त्रेचाळीसचा होतो. मला तुझी लाज काढायची होती आणि ती तू स्वतःच सगळ्यांसमोर काढलीस. माझी तेवढी झाकून ठेवलीस. ते मला सहन होत नाही.

चिठ्ठी परत पाठवतो. तिच्यावर तुझं नाव मी तसंच राहू दिलं आहे आणि खाली माझं पुन्हा लिहिलं आहे. ती शाळेत नेऊन दे. कुणी विचारलं तर सांग, रंग दोघांनी बिघडवला.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. ब्रशची सुई काढून टर्पेंटाइनमध्ये ठेव, नाहीतर आत रंग धरेल. विमान धुण्याच्या सोड्यात दिवसभर भिजत घाल, सगळा रंग सुटू दे. रिठे मी इकडून आणतो. मग विमान वहिनींनी धुवायचं. त्यांना आपल्या दोघांच्याही आधी कळलं होतं.

सोबत चौदा ऑगस्टचं पान जोडलं आहे.

तुझा,
सोपान

ता. क. त्या पानावर खाडाखोडीच्या बाजूला असं लिहिलं आहे : "रि" पासून "नाही" पर्यंतचा मजकूर मीच खोडला. का खोडला ते मला ठाऊक आहे.

सही : सोपान कोंडिबा ओव्हाळ